उत्तर ध्रुवाचा सम्राट



रॉबर्ट ऑल्ड्रिच या अमेरिकन दिग्दर्शकाचा ‘एम्परर ऑफ द नॉर्थ पोल’ हा चित्रपट १९७३ साली पडद्यावर आला, तेव्हा प्रेक्षकांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. नाव वाचून लोकांना हा बर्फातल्या सफरीचा चित्रपट वाटेल या धास्तीने कंपनीने नावातला ‘पोल’ हा शब्द गाळून टाकला. त्यानेही फारसे काही साधले नाही. वस्तुतः त्या नावातच सारी खोच होती. उत्तर ध्रुवाचा सम्राट म्हणजे जिथे काहीच नाही अशा मुलखाचा राजा, ही होबोंच्या जगातली कुचेष्टेची पदवी. पुढे पन्नास वर्षांत या चित्रपटाला चाहते मिळत गेले. वाफेच्या इंजिनांचे वेडे, ली मार्व्हिनचे भक्त, जुन्या हाणामारीच्या चित्रपटांचे शौकीन असे नाना प्रकारचे लोक त्याची आठवण जिव्हाळ्याने काढतात. ही आठवण रास्तच आहे. मात्र तिच्यात काय राहते आणि तिच्यातून काय गळते, याचा हिशेबही मांडला पाहिजे.

कथा अगदी साधी आहे. साल १९३३, प्रदेश ऑरेगन, मंदीचा कळस. एकोणीस नंबरच्या मालगाडीवर शॅक नावाचा कंडक्टर आहे. आपल्याकडच्या मालगाडीच्या गार्डसारखी त्याची जागा. आपल्या गाडीवर एकही फुकट्या चढू द्यायचा नाही, ही त्याची प्रतिज्ञा, आणि ती पाळण्यासाठी तो हातोडा वापरतो. आरंभीच एक माणूस त्या हातोड्याच्या घावाने रुळांवर पडतो आणि चाकांखाली जातो. उलट बाजूला ‘ए नंबर वन’ म्हणून ओळखला जाणारा मुरलेला होबो. एकोणीस नंबरच्या गाडीने आपण थेट पोर्टलंडपर्यंत जाणार असे तो जाहीर करतो आणि यार्डातले कामगार त्यावर पैजा लावतात. दोघांच्या मध्ये ‘सिगारेट’ नावाचा एक बढाईखोर पोरगा. शॅकच्या भूमिकेत अर्नेस्ट बोर्गनाइन, होबो ली मार्व्हिन, पोरगा कीथ कॅराडाइन. बस्स, एवढेच. उघड्या वाघिणीवर साखळी, हातोडा आणि कुऱ्हाड घेऊन झालेली शेवटची झुंज एकदा पाहिलेला माणूस ती विसरत नाही.

परंतु स्मरणात राहते ती केवळ झुंज नव्हे. धुक्यात बुडालेले रूळ, समोरून भरधाव येणारी डाकगाडी, डब्यात कोंडले गेल्यावर गवताला आग लावून फळ्या फोडून बाहेर पडणारा ए नंबर वन, आणि लोखंडाच्या चाकांचा तो जिवंत खडखडाट. ऑल्ड्रिचने हे स्टुडिओत उभे केले नाही. ऑरेगनमधील कॉटेज ग्रोव्ह गावाजवळच्या एका छोट्या रेल्वेमार्गावर, १९१५ साली बाल्डविन कारखान्यात घडलेल्या खऱ्या इंजिनावर त्याने चित्रण केले. याच परिसरात बस्टर कीटनने १९२६ सालचा ‘द जनरल’ चित्रित केला होता. शॅक दोरीला लोखंडी खिळा बांधून तो धावत्या डब्याखाली सोडतो. स्लीपरांवर आपटून उसळणारा तो खिळा खाली लपलेल्या माणसाला ठेचतो. ही कुणा पटकथाकाराची कल्पना नव्हे. जॅक लंडनने १९०७ सालच्या ‘द रोड’ या पुस्तकात ही रीत नोंदवून ठेवली आहे.

लंडनचे नाव आले म्हणून सांगायचे. १८९४ साली, अठरा वर्षांचा असताना, तो बेकारांच्या वॉशिंग्टनवरील मोर्चात सामील होऊन मालगाड्यांवरून देश ओलांडत निघाला. पुढे नायगारापाशी केवळ ‘भटक्या’ म्हणून पकडला गेला आणि तीस दिवस तुरुंगात राहिला. समाजवादाकडे तो वळला त्यात या प्रवासाचा आणि या तीस दिवसांचा वाटा मोठा आहे. ‘ए नंबर वन’ हे बिरुदही खऱ्या माणसाचे: लिऑन रे लिव्हिंग्स्टन. पाच लाख मैलांचा प्रवास आपण सात डॉलर एकसष्ट सेंटांत केला अशी जाहिरात तो आपल्या पुस्तकांवर करी. इतका काटेकोर जमाखर्च ठेवणारा भटक्या विरळाच! आणि हाच माणूस त्याच पुस्तकांतून तरुणांना बजावी की, बाबांनो, या वाटेला जाऊ नका.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. चित्रपटाच्या आरंभी पडद्यावर काही ओळी येतात. त्यांचा आशय असा की, हे होबो म्हणजे समाजाबाहेर फेकलेली एक निराळीच जमात होती, स्वतःचाच कायदा मानणारी. इथेच चित्रपटाशी मतभेद नोंदवणे भाग आहे. ती जमात नव्हती. तो मजूर होता.

अमेरिकन बोलीत होबो, ट्रॅम्प आणि बम असे तीन वेगळे शब्द आहेत. होबो भटकतो आणि काम करतो. ट्रॅम्प भटकतो पण काम करीत नाही. बम भटकतही नाही आणि काम तर करतच नाही. गेल्या शतकाच्या प्रारंभी पश्चिमेकडचा गहू कापणारा, जंगल तोडणारा, रुळांची भराव घालणारा मजूर हा होबो होता. हंगाम संपला की काम संपे, आणि पुढचे काम हजार मैलांवर असे. तिथवर जाण्याचे भाडे मालक देत नसे आणि मजुराला परवडत नसे. म्हणून मालगाडी. रेल्वे कंपन्यांनाही हे ठाऊक होते. कापणीच्या दिवसांत पुष्कळदा त्या डोळेझाक करीत, कारण गहू कापलाच गेला नाही तर वाघिणीत भरणार काय? आणि ज्या रुळांवरून ‘फुकट्या’ माणसाला हाकलले जाई, ते रूळ टाकण्यासाठी कंपन्यांना सरकारकडून सुमारे तेरा कोटी एकर सार्वजनिक जमीन मिळालेली होती. फुकट प्रवासाची चर्चा करताना हा आकडा सहसा कुणी काढत नाही.

या मजुरांची संघटनाही झाली होती. १९०५ साली शिकागोत स्थापन झालेल्या ‘इंडस्ट्रियल वर्कर्स ऑफ द वर्ल्ड’ने शेतातल्या भटक्या कामगारांना सभासद करून घेतले. अनेक मार्गांवर त्या संघटनेचे लाल कार्ड हेच तिकीट ठरे. ज्याच्यापाशी ते असे, त्याला गाडीवरचे कर्मचारी सहसा हात लावीत नसत. गाडीवर चढण्याचा प्रश्न एकट्याच्या मर्दुमकीने सुटत नाही, हे त्या अडाणी म्हणवल्या गेलेल्या मजुरांना १९१५ सालीच उमगले होते. ऑल्ड्रिचच्या चित्रपटात याचा मागमूस नाही.

पुढे कापणी-मळणीची यंत्रे आली, मोटारी आल्या, आणि जुना होबो मागे पडू लागला. त्याच सुमारास १९२९ची मंदी कोसळली. १९३३ साली अमेरिकेत दर चार कामकऱ्यांमागे एक बेकार होता. मिसुरी पॅसिफिक या एकाच रेल्वेने १९२९ साली आपल्या गाड्यांवर सुमारे चौदा हजार भटके मोजले होते. १९३१ साली हाच आकडा एक लाख शहाऐंशी हजारांवर गेला. सदर्न पॅसिफिकने १९३२ या एका वर्षात सहा लाख ऐंशी हजारांहून अधिक वेळा माणसांना गाडीवरून उतरवले. यात कारकून होते, शेतकऱ्यांची मुले होती, शाळा बंद पडलेली पोरे होती. त्या मुलांची कहाणी विल्यम वेलमनने १९३३ सालीच ‘वाइल्ड बॉइज ऑफ द रोड’मध्ये सांगितली. कलाकृती म्हणून ऑल्ड्रिचचा चित्रपट अधिक बळकट आहे. पण गाडीवर कोण बसले होते आणि का, हे वेलमनला अधिक ठाऊक होते. त्याच्या डब्यांत मुलीही आहेत. ऑल्ड्रिचच्या जगात स्त्रिया जवळजवळ नाहीतच.

आणि वर्णाचा प्रश्न? २५ मार्च १९३१ रोजी अलाबामा राज्यात एका मालगाडीवरून नऊ काळ्या मुलांना खाली उतरवण्यात आले. त्याच गाडीतल्या दोन गोऱ्या तरुणींवर बलात्कार केल्याचा खोटा आरोप त्यांच्यावर ठेवला गेला. सुमारे दोन आठवड्यांत त्यांपैकी आठजणांना देहान्ताची शिक्षा झाली. स्कॉट्सबरो खटला तो हाच. फाशी टळली, पण त्या मुलांची उमेदीची वर्षे तुरुंगात गेली. मालगाडीवर चढण्याची किंमत सर्वांना सारखी नव्हती.

मग शॅक कोण? चित्रपट त्याला राक्षस करतो आणि बोर्गनाइन ते काम इतके चोख बजावतो की, प्रेक्षकाला आणखी काही विचारावेसे वाटत नाही. पण विचारले पाहिजे. १९२९ साली अमेरिकन रेल्वेत साडेसोळा लाख माणसे नोकरीला होती. १९३३ साली दहा लाखांहूनही कमी उरली. जे उरले त्यांच्या पगारात १९३२ साली दहा टक्के कपात झाली होती. शॅकची नोकरी टिकली होती एवढेच. आज गाडीच्या टपावर असलेला उद्या गाडीच्या खाली असू शकत होता. त्याच्या हातोड्यामागे ही भीती असली पाहिजे. गाडी त्याची नाही, माल त्याचा नाही, तरी तो ‘माझी गाडी’ म्हणून खून करतो. ज्याची गाडी आहे तो मालक पडद्यावर कुठेच दिसत नाही. दोन निर्धन माणसे दुसऱ्याच्या मालमत्तेवर उभी राहून एकमेकांची डोकी फोडतात. ऑल्ड्रिचने हे जाणूनबुजून केले की, झुंजीच्या रंगात तसे घडून गेले, यावर वाद घालता येईल. पण चित्रपटातले सर्वांत खरे असे काही असेल तर ते मालकाचे हे न दिसणे होय.

त्याने ते जाणूनबुजून केले असण्याचा संभव मोठा आहे. ऑल्ड्रिच हा खुद्द मालकांच्या घरातला मुलगा. आजोबा नेल्सन ऑल्ड्रिच हे सिनेटर, अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकव्यवस्थेच्या मूळ आराखड्याशी ज्यांचे नाव निगडित आहे ते. आत्या धाकट्या रॉकफेलरची पत्नी. व्हर्जिनिया विद्यापीठात अर्थशास्त्राचा अभ्यास अर्ध्यावर टाकून हा पोरगा १९४१ साली आठवड्याला पंचवीस डॉलरवर स्टुडिओत कारकून झाला. रेन्वारच्या आणि चॅप्लिनच्या हाताखाली त्याने उमेदवारी केली. पुढे १९७५ ते १९७९ या काळात दिग्दर्शकांच्या संघटनेचा तो अध्यक्ष होता. शॅक म्हणजे प्रस्थापित सत्ता, ए नंबर वन म्हणजे तिला न जुमानणारा एकांडा आणि सिगारेट म्हणजे सोयीप्रमाणे विकला जाणारा तरुण, अशी त्याची स्वतःची मांडणी होती. व्हिएतनामच्या काळातला तो चित्रपट आहे हे यावरून ध्यानात येईल.

शेवटी विजयी ए नंबर वन त्या पोराला गाडीवरून पाण्यात फेकून देतो आणि तुझ्यात ती जात नाही अशा अर्थाचे काही ओरडत राहतो. चाहत्यांना हा प्रसंग फार आवडतो. पोरगा खोटारडा आहे, लढाईच्या वेळी तो बाजूला उभा राहिला, सारे मान्य. तरीही बेकारीच्या वर्षी एका उपाशी मुलाला गाडीवरून खाली फेकण्याचे काम अखेरीस नायकच करतो, हे नजरेआड करता येणार नाही. ते काम तोवर शॅक करीत होता. सम्राट झाला की पहिला हुकूम हाच निघतो काय? मार्व्हिनच्या चेहऱ्यावरचा तो उन्माद पाहताना ऑल्ड्रिचलाही ही शंका होती असे वाटते. निदान त्याने तो प्रसंग गोड केलेला नाही.

प्रत्यक्ष इतिहासात मात्र दार उघडले ते वेगळ्या रीतीने. १९३३ ते १९३५ या काळात सरकारने भटक्या बेकारांसाठी निवारे चालवले, मग ते बंद केले. १९३६च्या फेब्रुवारीत लॉस एंजेलिसच्या पोलीसप्रमुखाने कॅलिफोर्नियाच्या सीमांवर आपले सव्वाशेहून अधिक शिपाई पाठवून गरिबांना राज्यात येऊ देण्याचे नाकारले. आणि १९४१ साली, एडवर्ड्स नावाच्या माणसाने आपल्या निष्कांचन मेहुण्याला मोटारीतून कॅलिफोर्नियात आणले म्हणून झालेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवली. निर्धन असणे हा राज्यात येण्याला आडकाठी करण्याचा आधार होऊ शकत नाही, असा तो निकाल. त्यावर अद्याप कुणी चित्रपट काढल्याचे ऐकिवात नाही. त्यात हातोडा नाही, हे त्याचे कारण असावे.

एकोणीस नंबरचे ते इंजिन अजून शाबूत आहे.  आता ते ओहायो राज्यातल्या एका संग्रहात आहे. ज्या मार्गावर ती झुंज चित्रित झाली, ते रूळ १९९४च्या सुमारास उखडले गेले. तिथे आता सायकलींची वाट आहे.