एक व्यक्ती भेटली

पत्रिकेवर आजचा विषय 'समलिंगी पुरुषांचं आत्मकथन' असा भारदस्त छापलाय. मी आपला व्याकरणापासून सुरुवात करतो.

सोमवारी ऑफिसात कुणीतरी विचारतं, "काल काय केलंस?" इंग्रजीत 'फ्रेंड आला होता' की 'आली होती' हे क्रियापद सांगत नाही. मराठीत ते लगेच चुगली करतं. मी कित्येक वर्षं मनातल्या 'आला'चं तोंडात 'आली' करत होतो. एकदा जीभ घसरली आणि "ती म्हणाला" बाहेर पडलं. पुढे सापडला 'व्यक्ती' हा शब्द. मिशा असोत की नसोत, व्यक्ती भेटलीच! या शब्दाचे माझ्यावर फार उपकार आहेत.

बोलण्याचं हे असं; लिहिण्याची वाट वेगळीकडून निघाली. १९९० साली अशोक राव कवींनी मुंबईत 'बॉम्बे दोस्त' हे समलिंगींसाठीचं नियतकालिक काढलं. १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने भारतात इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं आणि १९९८मध्ये 'गे बॉम्बे' हा ऑनलाइन गट सुरू झाला. सायबर कॅफेतल्या प्लायवूडच्या आडोशाला बसून, खोट्या नावाने का होईना, आमच्यातले लोक मनातलं लिहू लागले. मी लिहायचो ते इंग्रजीत. मराठी फाँटची बोंब होती, एका संगणकावरचा मजकूर दुसऱ्यावर गिचमिड दिसे. पण माझ्यापुरती ती सबब होती. खरं म्हणजे ज्या भाषेत आई हाक मारते, त्या भाषेत हे लिहायला हात धजत नव्हता.

इंग्रजीबरोबर गोष्टीचा साचाही आला. आपण समलिंगी आहोत हे लपवणारा माणूस म्हणे 'कपाटात' असतो, एक दिवस बाहेर येतो. अहो, आमच्या दोन खोल्यांत सात माणसं. कपाटात आजीची लुगडी आणि वर पापडाचा डबा. लपायला जागा होती कुठे? आम्ही एकमेकांना विचारतो ते एवढंच, "घरी सांगितलंस?" त्या 'घरी'त आई आली, ताई आली, कधी शेजारची काकूही आली. आईला सांगितलं तर ती म्हणते, "बाबांना नको सांगूस." म्हणजे काल एकटा लपवत होतो, आज दोघं लपवतोय.

मराठीतही हे हळूहळू लिहिलं गेलं. पुण्यात समलिंगींसाठी समपथिक ट्रस्ट उभारणाऱ्या बिंदुमाधव खिरे यांनी यावर मराठीतच पुस्तकं लिहिली. सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू' या २००६ सालच्या कादंबरीत भाऊ आणि बहीण एकाच पेइंग गेस्टच्या प्रेमात पडतात आणि दोघं आपापल्या तोंडाने सांगतात. त्यातला भाऊ मला फार आधी हवा होता; तो भेटला तेव्हा मी तिशी ओलांडली होती.

६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७च्या कचाट्यातून सोडवले. त्या संध्याकाळी मी ताईला फोनवर देवनागरीत लिहिलं, "रविवारी तो पण जेवायला येईल."

बराच वेळ काही नाही. मग उत्तर आलं, "त्याला वांगं चालतं ना?"

चालत नाही. तिने भेंडी केली.