घास अडला, त्याची नोंद

श्रोतेहो, माझ्या एका चुलत्यांना भाकरीचा घास उतरेना. आधी भाकरी दुधात कुस्करली. पुढे नुसत्या पेजेवर आले. शहरातल्या इस्पितळात दुर्बीण घालून पाहिले, तर निदान निघाले अन्ननलिकेच्या कर्करोगाचे. तिथे आम्ही पत्ता लिहून दिला माझ्या बिऱ्हाडाचा. काय, तर निरोप लवकर पोचेल! पुढे काका गावीच वारले. ग्रामपंचायतीत सांगितले, ‘म्हातारपणाने गेले.’ झाले! त्यांचा आजार गावच्या हिशेबातून पुसला गेला, आणि तो पुसला आम्हा शिकल्यासवरल्या माणसांनी.

आता तुम्ही म्हणाल, माणूस गेला, मग कागदाचे काय घेऊन बसलात? तेच सांगतो.

जमिनीला जसा गट नंबर, तसा रोगालाही क्रमांक असतो. १८९३ साली जाक बर्तिलाँ या फ्रेंच गृहस्थांनी मृत्यूच्या कारणांची यादी मांडली. १९४८ पासून ती जागतिक आरोग्य संघटना सांभाळते. तिच्या दहाव्या आवृत्तीत अन्ननलिकेच्या कर्करोगाचा क्रमांक आहे ‘सी १५’. गाठ वरच्या तिसऱ्या हिश्शात असेल तर १५.३, मधल्यात १५.४, खालच्यात १५.५. आणि जागा लिहिलीच नसेल तर १५.९, म्हणजे ‘जागा ठाऊक नाही’.

क्रमांक घालणारा माणूस रोग्याला पाहत नाही; तो कागद पाहतो. कागदावर नुसते ‘अन्ननलिकेचा कर्करोग’ असेल, तर तो बिचारा १५.९ च लिहिणार. आणि जागेला तर अर्थ आहे! वरच्या व मधल्या भागातला रोग बहुधा एका जातीच्या पेशींचा असतो. तंबाखू, विडी, दारू यांच्याशी त्याचे नाते. खालच्या भागात दुसरी जातही आढळते. तिचा संबंध वर्षानुवर्षे घशाशी येणाऱ्या आंबटाशी आणि लठ्ठपणाशी. म्हणजे त्या एका आकड्यात कारणाचा माग असतो.

आपल्या देशात अशी लोकसंख्येवर आधारलेली पहिली कर्करोग नोंदणी मुंबईत १९६३ साली सुरू झाली. खेड्यांसाठी पहिली नोंदणी सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला, १९८७ साली. अशा नोंदणीत रोगी मोजला जातो तो त्याच्या राहत्या गावाचा म्हणून. आमच्या काकांसारखा खोटा पत्ता पडला, की शहराचा आकडा फुगतो आणि खेड्यात जणू रोगच नाही असे दिसते. मग तिथे दुर्बीण तरी कोण धाडणार?

तेव्हा इस्पितळात राहत्या गावाचा पत्ता द्या. पत्रासाठी दुसरा हवा तर तो वेगळा सांगा. वय अंदाजाने सांगू नका. दुर्बिणीचा कागद, तुकडा तपासल्याचा अहवाल, घरी सोडतानाचा कागद, सारे एका पिशवीत जपा. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करा. शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी मृत्यूच्या कारणाचा दाखला विनामूल्य द्यायचा, असा १९६९ चा कायदा आहे; तो मागून घ्या. रोगाचे नाव सांगण्यात कसलीही लाज नाही.

गुरुजी, बाई, गावात अर्ज लिहून घ्यायला माणसे तुमच्याकडेच येतात. तेवढे दोन प्रश्न विचारत चला : राहते गाव कोणते? आजार नेमका कोणता?

आणि घास अडू लागला, तर पेजेवर दिवस काढू नका. आधी डॉक्टर गाठा.