मध्य भारताच्या नकाशात वऱ्हाड कुठे आहे?

संमेलनाच्या अध्यक्षाने मराठीच्या भवितव्याची काळजी वाहावी असा प्रघात आहे. ती काळजी माझ्या आधीच्या अध्यक्षांनी पुरेशी वाहिली आहे. मला या व्यासपीठावर एकदाच बोलायचं आहे आणि तो वेळ मी एका पुस्तकावर आणि त्या पुस्तकातून निसटलेल्या आपल्या मुलखावर खर्च करणार आहे. ख्रिस्तोफ जाफ्रलो या फ्रेंच अभ्यासकाचं हिंदू राष्ट्रवादी चळवळीवरचं पुस्तक 1993 मध्ये फ्रेंचमध्ये आणि 1996 मध्ये इंग्रजीत आलं. 1925 पासूनच्या चळवळीची ही मांडणी मध्य भारताच्या विशेष संदर्भाने केली असल्याचं उपशीर्षकातच नोंदवलेलं आहे. आता हा मध्य भारत कुठला? नागपूर येतं, कारण राष्ट्रीय स्वयंसेवक संघ तिथे निघाला. पुढचा भर आहे तो सातपुड्यापलीकडच्या मध्य प्रदेशावर. 1903 पासून अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा हे वऱ्हाडचे जिल्हे मध्य प्रांतालाच जोडलेले होते. 1 नोव्हेंबर 1956 ला आपण द्विभाषिक मुंबई राज्यात गेलो आणि अभ्यासकांच्या नकाशावरून गळून पडलो. मध्य भारताचा अभ्यासक सातपुड्याशी थांबतो, महाराष्ट्राचा इतिहासकार पुण्याहून निघून फार तर औरंगाबादपर्यंत पोचतो. मधला वऱ्हाड कोणाचाच नाही.

ही केवळ मानापमानाची तक्रार असती तर मी ती इथे आणली नसती. वऱ्हाड गळाल्यामुळे सिद्धांतच अपुरा राहिला, हे माझं म्हणणं आहे. जाफ्रलो यांची मांडणी थोडक्यात अशी: हिंदू राष्ट्रवाद घडला तो समोरच्या ‘परक्या’च्या भीतीतून. त्या परक्याला दूषण द्यायचं आणि ज्या गुणांमुळे तो बलवान वाटतो तेच गुण उचलून आपल्या परंपरेत पूर्वीपासून असल्याचं सांगायचं. या विचाराचे वाहक मुख्यतः उच्चवर्णीय होते, हेही ते पुराव्यानिशी दाखवतात. मांडणी भक्कम आहे. पण ती आपल्या मातीवर तपासून पाहा. संत गुलाबराव महाराज 1881 मध्ये लोणी टाकळीला जन्मले आणि 1915 मध्ये गेले. या अंध माणसाने पाश्चात्त्य पंडितांचा आर्यांविषयीचा सिद्धांत खोडायला घेतला, डार्विन आणि स्पेन्सर यांच्याशी वाद मांडला. पश्चिमेला दिलेलं हे उत्तर जाफ्रलो यांच्या चौकटीत बसतं. पण ते एका कुणब्याच्या घरातून आलं आणि त्याचं पर्यवसान संघटनेत न होता मधुराभक्तीत झालं. चौकटीचा एक खांब इथे टिकतो, दुसरा हलतो.

अंबादेवीचं उदाहरण तर त्याहून मोठं. 1927 मध्ये अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून चळवळ उभी राहिली आणि त्याच वर्षी 13 नोव्हेंबरला इंद्रभुवन थिएटरात भरलेल्या परिषदेचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. या लढ्यात पुढे असलेले पंजाबराव देशमुख पापळच्या शेतकऱ्याचे पुत्र. विलायतेत राहून वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास यांवर त्यांनी प्रबंध लिहिला आणि 1933 मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. प्रांतिक विधिमंडळात हिंदू देवस्थानांच्या संपत्तीवर सार्वजनिक नियंत्रण आणू पाहणारं विधेयकही त्यांचंच. वेदांचा अभ्यासक, मंदिरप्रवेशाचा पुढारी आणि देवस्थानांच्या पैशाचा हिशेब मागणारा मंत्री ही एकच व्यक्ती आहे. इथे ‘परका’ कोण? मुसलमान नाही, मिशनरी नाही. भांडण हिंदू समाजाच्या आतलं आहे आणि ते देवळाच्या दारात व तिजोरीपाशी चाललेलं आहे. धर्माच्या राजकारणाचा हा दुसरा उगम नोंदवल्याशिवाय मध्य भारताचा इतिहास पुरा होत नाही.

मग या चौकटीत संत तुकडोजी महाराजांचं काय करणार? 1942 च्या आंदोलनात तुरुंगवास, 1956 मध्ये काँग्रेसच्या आशीर्वादाने निघालेल्या भारत साधू समाजाचं अध्यक्षपद, 1964 मध्ये मुंबईला विश्व हिंदू परिषदेच्या स्थापनेला उपस्थिती आणि मोझरीच्या गुरुकुंजात सर्व धर्मांना जागा देणारी सामुदायिक प्रार्थना. काँग्रेसवाले आणि हिंदुत्ववादी, दोन्ही बाजूंचे वक्ते त्यातला आपापल्या सोयीचा तुकडा उचलतात. पूर्ण माणूस समजून घेणारा ग्रंथ लिहायचा तर तो पॅरिसमध्ये नाही, इथेच लिहावा लागेल. आणि जाफ्रलो यांनी 2003 मध्ये उत्तरेतल्या मागास जातींच्या उदयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तेव्हा दलित आणि ओबीसींना एकत्र आणणारा अकोला पॅटर्न इथे उभा होता. 1998 आणि 1999 मध्ये प्रकाश आंबेडकर याच अकोल्यातून लोकसभेत गेले होते. दखल घेण्याजोगं काही घडत नव्हतं असं कोणी म्हणू नये.

काही मंडळी म्हणतील, परदेशी माणसाला आपल्या धर्माचं काय कळणार? हा आक्षेप मला मान्य नाही. जाफ्रलो यांनी कार्यकर्त्यांना भेटून, जिल्ह्याजिल्ह्यांत फिरून, कागद तपासून लिहिलं. शिवाय 2000 मध्ये त्यांनी बाबासाहेबांवरही ग्रंथ लिहिला. त्यांचा राजकीय कल उघड आहे, 2021 च्या मोदीकालीन भारतावरच्या ग्रंथात तो पानोपानी दिसतो. पण कल दाखवून पुरावा खोटा ठरत नाही, आणि कल पटला म्हणून पुरावा पुरेसाही होत नाही. त्यांना शिव्या देणारे आणि त्यांची वाक्यं ढाल म्हणून वापरणारे, दोघांनीही त्यांच्या तळटीपा उघडलेल्या नाहीत. दुसरा आक्षेप असा की वऱ्हाड लहान, नागपूर कळलं की तो कळला. ज्या मुलखाने गुलाबराव, गाडगेबाबा, तुकडोजी आणि पंजाबराव दिले, त्याला नागपूरचं परिशिष्ट समजणं हा आळस आहे.

तिसरा आक्षेप खरा आहे: पुरावा आहे कुठे? अमरावतीचे टिळकपक्षीय पुढारी दादासाहेब खापर्डे यांच्या रोजनिश्या दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. बाकीचा ऐवज, म्हणजे देवस्थानांच्या पंचांची इतिवृत्तं, सत्यशोधक जलशांच्या वह्या, वऱ्हाडातल्या साप्ताहिकांचे अंक, माळ्यांवर वाळवी खाते आहे. फ्रेंच अभ्यासकाने तो पाहिला नाही, कारण आपण तो दाखवण्याजोगा ठेवलाच नाही. रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं आहे. महानुभाव पंथाच्या पोथ्यांबरोबर या कागदांनाही तिथे खोली मिळाली पाहिजे. ते मिळवून, स्कॅन करून, सूचीसह खुले करण्याचा ठराव आपल्याच कार्यकारिणीत पुन्हा पुन्हा मागे पडला. कारण दिलं गेलं की साहित्य संस्थेने राजकारणात पडू नये. हे कारण देणाऱ्या गृहस्थांना उद्घाटनासाठी मंत्री लागतो आणि अनुदानासाठी आमदार लागतो, तेव्हा मात्र राजकारण विटाळत नाही. जुन्या कागदांत कोणाच्या आजोबांनी अंबादेवीच्या दारात कोणती बाजू घेतली ते सापडेल, ही भीती असेल तर ती उघड बोलून दाखवावी.

ठराव उद्या खुल्या अधिवेशनात मी स्वतः मांडणार आहे. ज्यांना तो पुन्हा पुढे ढकलायचा असेल, त्यांनी या वेळी बंद खोलीत नाही, इथे माइकसमोर येऊन विरोध नोंदवावा.