दिढीचा हिशेब



२ जानेवारी १९४३ रोजी याच सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इंग्रजांच्या पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. विजेचे मनोरे पाडणारे भाई सगळ्यांना ठाऊक आहेत. पण माथेरानच्या या वकिलाने त्याआधी शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या उभ्या केल्या होत्या. आज बोलायचं ते त्या कोठीबद्दल.

कोठी कशाला लागली? आषाढात, ऐन आवणीत, घरातलं भात संपायचं. सावकार एक मण द्यायचा आणि खळ्यावर दीड मण मोजून घ्यायचा. हीच दिढी. ऐकायला अर्धा मण जास्त, एवढंच. पण मुदत जेमतेम सहा महिन्यांची. म्हणजे वर्षाला शेकडा शंभर! कोठीत सुगीला सगळ्यांनी भात घालायचं आणि नडीला तिथूनच न्यायचं. सावकाराचा उंबरा चढायला नको.

आज दिढी दिसत नाही, पण तिची पोरं घरोघर फिरतात. बारा हजार कर्ज, "महिना फक्त शेकडा दोन", बारा हप्ते. हप्ता १२४० रुपयांचा. त्यात मुद्दल १००० आणि व्याज २४०. शेवटच्या महिन्यात आपल्याकडे मुद्दल उरतं फक्त हजार, पण व्याज तेच २४०, कारण ते पूर्ण बारा हजारांवर धरलेलं असतं! वर्षाचा खरा दर पडतो शेकडा ४४ च्या आसपास. आमच्यातल्याही कितीजणांनी सही करताना हप्ता तेवढा विचारला, दर विचारलाच नाही. मग आम्ही दुसऱ्याला काय शिकवणार?

दुसरीकडे सोसायटीचं पीककर्ज. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत २०२१ पासून तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर व्याज शून्य. मुदत चुकली की सवलत गेली. तरी आपण काय करतो? भाताचे पैसे आले की आधी लग्नाचा मांडव, मग हप्तेवाला, आणि सोसायटी शेवटी.

भाताला भाव मिळालाच पाहिजे, ती लढाई सोडायची नाही. पण मिळालेला भाव व्याजात वाहून गेला तर हाती काय उरणार?

म्हणून घरी गेल्यावर एवढं करा. कर्जाचे सगळे कागद काढा, शाळेत जाणाऱ्या पोरीला जवळ बसवा आणि प्रत्येकाचा वर्षाचा दर मांडा. जो सगळ्यात महाग, तो आधी फेडा. सोसायटीची तारीख मात्र चुकवू नका. भाईंची कोठी आपल्या घरात तिथून सुरू होईल.