केस लावणं म्हणजे कट-पेस्ट

मी सॉफ्टवेअरवाला, डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. पण नांदेड-लातूरकडं हेअर ट्रान्सप्लांटच्या रील इतक्या फिरायला लागल्यात की यावर एक भाग करावाच लागला.

पहिली गोष्ट, यात नवे केस तयार होत नाहीत. ही कॉपी-पेस्ट नाही, कट-पेस्ट आहे. डोक्याच्या मागच्या पट्ट्यातले केस टक्कल पाडणाऱ्या डीएचटी हार्मोनला सहसा दाद देत नाहीत, आणि पुढं लावले तरी तो गुण टिकवतात. न्यूयॉर्कच्या डॉ. नॉर्मन ओरेंट्रिच यांनी 1959 मध्ये हे मांडलं. एफयूई पद्धतीत साधारण 1 मिलिमीटरच्या पंचनं एकेक मूळ काढतात. एका ग्राफ्टमध्ये 1 ते 4 केस.

आमच्या लातूरच्या मावसभावाचं वय 24. "दादा, दिवाळीनंतर मुली बघायच्यात, त्याआधी करून घेतो." अरे, लावलेले केस पहिल्या महिन्यात बरेचसे गळतात! मुळं आत राहतात, 3-4 महिन्यांनी केस उगवायला लागतात, खरा निकाल वर्षभरानं. म्हणजे मुलीकडं जाताना हा आहे त्याहून विरळ दिसणार.

त्याहून मोठी अडचण वयाची आहे. मागचा साठा मर्यादित. आज हिरोसारखी खाली लाईन काढली, आणि तिच्या मागचे मूळचे केस पुढच्या काही वर्षांत गेले, तर पुढं झाडी अन् मागं माळरान. मग ते भरायला ग्राफ्ट आणणार कुठून? म्हणून चांगला डॉक्टर या वयात आधी औषधांनी गळती थांबते का ते बघतो. टक्कल कुठपर्यंत जाईल याचा अंदाज आला, की मात्र ऑपरेशन खरंच छान काम करतं.

आणि हो, हे ऑपरेशनच आहे, सलूनचं काम नाही. मार्च 2019 मध्ये मुंबईत एका व्यापाऱ्यानं एकाच बैठकीत 9,500 ग्राफ्ट लावून घेतल्याची बातमी होती. थोड्याच दिवसांत तो गेला. सप्टेंबर 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं स्पष्टच सांगितलं, यूट्यूब बघून शिकणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे.

मावसभावाला म्हटलं, आधी सरकारी दवाखान्यात त्वचारोगाच्या ओपीडीत दाखव. मग क्लिनिकमध्ये जायचंच असेल तर ऑफर नंतर विचार. आधी हे विचार: पंच कोण मारणार, डॉक्टर की टेक्निशियन? आणि भुलीची रिॲक्शन आली तर सांभाळायला खोलीत कोण असणार?