पिलू निपचित पडलं, तरी आधी छातीला हात लावा

आम्ही पहूरच्या बचत गटातल्या, बकऱ्या पाळणाऱ्या बाया बोलतोय.

मागच्या हिवाळ्यात आमच्यातल्या एकीची बकरी रात्री व्यायली. पहिलं पिलू ओरडत उठलं. दुसरं मागच्या पायांकडून आलं, अडकलं, बाहेर आलं तेव्हा निपचित. आम्ही म्हटलं, गेलं. पोत्याखाली झाकलं आणि बकरीकडे वळलो. सकाळी डॉक्टर आले. त्यांनी एकच विचारलं, "छातीला हात लावून पाहिला होता का?" एकीनेही पाहिला नव्हता. बकरी गटाच्या कर्जातून घेतलेली होती, पण त्या दिवशी पैशापेक्षा तो प्रश्नच जास्त लागला.

मग डॉक्टरांनी टॉवेलची गुंडाळी करून आम्हाला शिकवलं. तेच सांगतो.

पिलू बाहेर आलं की मिनिटाच्या आत श्वास सुरू व्हायला हवा. नाही झाला तर बोटाने तोंडातला चिकटा काढा, नाक पुसा. डोकं थोडं खाली करा, पण काही क्षणच. मागचे पाय धरून उलटं टांगायची आपली सवय चुकीची आहे. पोटातले अवयव छातीवर येतात आणि श्वास आणखी अडतो. जे पाणी गळतं, ते बहुतेक पोटातलं असतं.

आता कोरड्या गोणपाटाने पाठ आणि बरगड्या जोरात चोळा. गवताची काडी नाकपुडीत फिरवा. शिंक आली की श्वास आला. मग पिलू आडवं न ठेवता छातीवर बसवा, पाय पोटाखाली. दोन्ही फुफ्फुसांत हवा जाते.

तरी हालचाल नाही? डाव्या कोपराच्या मागे दोन बोटं ठेवा. धडधड लागते, पण श्वास नाही, तर हवा द्यायची. वीतभर स्वच्छ नळी एका नाकपुडीत हलकेच ठेवा, दुसरी नाकपुडी आणि तोंड दाबून धरा, गालात मावेल एवढीच फुंकर घाला. छाती किंचित वर आली की पुरे. तीन सेकंदांनी पुन्हा.

इथे जपा. ओल्या पिलाला थेट तोंड लावू नका. बकरीकडून माणसाला ब्रुसेलोसिससारखे ताप देणारे आजार होतात. नळीनेही धोका पूर्ण जात नाही. बकरी गाभडलेली असेल, तर फुंकर घालूच नका. गरोदर बाईने वितीच्या कामात हात घालू नये. सगळ्यांनी नंतर साबणाने हात धुवावेत.

धडधडच लागत नसेल, तर पिलू उजव्या कुशीवर निजवा. कोपरामागे छाती अंगठा आणि बोटांच्या मध्ये धरा आणि दाबा. छातीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी आत जावी, अर्ध्यापेक्षा जास्त नको. प्रत्येक वेळी पूर्ण सोडा. वेग सेकंदाला जवळपास दोन, म्हणजे मिनिटाला १०० ते १२०. ३० वेळा दाबा, २ वेळा हवा द्या. हवा देता येत नसेल, तर दाबणं चालू ठेवा. एकीने दाबावं, दुसरीने मोजावं, दोन मिनिटांनी हात बदलावेत. हे आकडे जनावरांच्या डॉक्टरांनी कुत्र्यामांजरांसाठी २०१२ साली ठरवले आणि २०२४ मध्ये पुन्हा तपासले. लहान पिलाला तोच अंदाज धरायचा. दहा मिनिटांत धडधड आली नाही, तर थांबा. त्यात तुमचा दोष नाही.

मोठ्या गाई-म्हशीला हे जमत नाही. तिची छाती आपल्या हाताने दबत नाही. तिथे डॉक्टरच लागतो. करंट लागून जनावर पडलं असेल, तर आधी वीज बंद करा. त्याआधी हात लावलात, तर जनावरामागे माणूसही जाईल.

एकीने हात चालवावेत, त्याच वेळी दुसरीने फोन लावावा. फिरत्या पशुवैद्यकीय गाडीचा नंबर १९६२, फोनला पैसे लागत नाहीत. पिलू वाचलं की नाळेला टिंक्चर आयोडीन लावा आणि तासाभरात चीक पाजा. गार पडू देऊ नका.

या पावसाळ्यात आमच्या गटात दोन पिलं निपचित आली. एकाने काडीनेच शिंक दिली, आज ते दावं तोडतंय. दुसरं दहा मिनिटं चोळून, दाबूनही गेलं. पण ते पोत्याखाली झाकताना आम्हाला ठाऊक होतं, की छातीला हात लावून पाहिलेला आहे.

बकरी साधारण पाच महिन्यांनी विते. गाभण बकरीची तारीख भिंतीवर लिहा. गोणपाट, नळी, आयोडीन एका डब्यात ठेवा आणि डबा गोठ्यातच टांगा. गटाच्या पुढच्या बैठकीत टॉवेल घेऊन बसा, दाबून बघा, मोजून बघा. रात्री दोन वाजता शिकायला वेळ नसतो.