आमदार, अर्थसंकल्प आणि आपलं आरोग्य केंद्र

मार्च महिना आला,
की मुंबईत विधिमंडळाचं अर्थसंकल्पी अधिवेशन भरतं.
त्यात आपल्या गावाचं काय?
आज तेवढंच पाहू.

(विराम)

अर्थसंकल्प अर्थमंत्री मांडतात.
पण खात्यांच्या मागण्या विधानसभेत मंजूर व्हाव्या लागतात.
तिथे आपले आमदार बोलू शकतात.
मागणीतली रक्कम कमी करा, अशी कपात सूचना देता येते.
सभागृहात तोंडी उत्तर मागणारा तारांकित प्रश्न विचारता येतो.
तातडीच्या प्रश्नाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी लक्षवेधी सूचना मांडता येते.

(विराम)

आता आरोग्याचं बघा.
सपाटीवर 30 हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र,
डोंगरी आणि आदिवासी भागात 20 हजारांमागे एक,
असा निकष आहे.
इमारत एकदाच बांधतात.
डॉक्टर, परिचारिका, औषधं मात्र रोज लागतात.
त्यासाठी दरवर्षी तरतूद हवी.

(विराम)

आणि मोठं आजारपण आलं तर?
महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे.
कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे.
मात्र उपचार ठरलेले, रुग्णालयंही ठरलेली.
रेशनकार्ड आणि ओळखपत्र सोबत न्या.
तिथल्या आरोग्यमित्राला भेटा.

पण जवळपास योजनेतलं रुग्णालयच नसेल,
तर कार्ड घेऊन जायचं कुठे?
हा प्रश्नही सभागृहात पोचायला हवा.

(विराम)

म्हणून मंडळी, अधिवेशनाआधीच ग्रामसभेत ठराव करा.
त्याची प्रत आमदारांना द्या.
नंतर विचारा, "आमचा प्रश्न मांडलात का?"

लक्षात ठेवा.
इमारत एकदा, तरतूद दरवर्षी.
आणि विचारणाही दरवर्षी.